फोटो आपल्या हातचा

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. भिंतीवर लावायला त्यांचा एक चांगला फोटो हवा, म्हणून तेराव्याच्या आधी आम्ही सगळे शोधायला बसलो. वन्संनी आपला फोन काढला, जाऊबाईंनी आपला, मुलांनी कॉम्प्युटर उघडला. फोटो शेकड्यांनी निघाले हो! पण एकात सासूबाई कोपऱ्यात अर्ध्याच, दुसऱ्यात फ्लॅशने चेहरा पिठासारखा पांढरा, तिसऱ्यात हलल्यामुळे पुसट. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. आज भिंतीवर तोच आहे. जवळ गेलं की डोळे दिसत नाहीत, नुसते ठिपके दिसतात.

मला मात्र एक फोटो सारखा आठवत होता. चिरंजीवांनी पहिल्या पगारातून आणलेला कॅमेरा नुकताच घरात आला होता. दिवाळीची सकाळ होती आणि सासूबाई खिडकीशी बसून वाती वळत होत्या. मांडीवर कापूस, मागून कोवळं ऊन. मी कॅमेरा उचलला, चकती 'ऑटो'वर होतीच, बटण दाबलं. फोटोत अंगणातली तुळस लख्ख आली आणि सासूबाई सावलीसारख्या काळ्या. मी म्हटलं, "बिघडला हो! पुन्हा काढू कधीतरी." त्या म्हणाल्या, "काढ की. मी कुठं जातेय?"

त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या, ते 'कधीतरी' काही आलं नाही. कॅमेरा कपाटात साड्यांच्या खाली जाऊन बसला.

तेरावं झाल्यावर मी तो बाहेर काढला आणि ठरवलं, की हा आता शिकायचाच. आज त्याबद्दलच सांगणार आहे. कारण बऱ्याच जणींच्या घरी असा एखादा कॅमेरा पडून आहे आणि त्याच्या चकतीवरच्या 'एम' ह्या अक्षराला हात लावायची आपल्याला उगीचच भीती वाटते. 'एम' म्हणजे मॅन्युअल, सगळं आपल्या हातानं करायचं. रोज अंदाजानं मीठ घालणाऱ्या बाईला हे जड जाऊ नये!

कॅमेरा चुकतो कुठं?

आधी तो फोटो काळा का आला ते बघू. 'ऑटो'वरचा कॅमेरा समोरचा एकूण उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून चालतो. खिडकीतून ऊन येतंय म्हटल्यावर त्याला वाटलं, केवढा हा उजेड! त्यानं उजेड कमी केला. अंगण छान आलं, माणूस काळं झालं. पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांना आणि फोनना चेहरा ओळखता येतो हे खरं, पण उजेड मागून असला की तेही पुष्कळदा फसतात.

ह्याच कारणानं पांढऱ्या साडीतल्या आजी मळकट दिसतात आणि काळी चंद्रकळा राखेसारखी. पांढरं पाहिलं की कॅमेरा त्याला काळवंडवतो, काळं पाहिलं की उजळवतो. बिचाऱ्याला आजी कोण आणि तुळस कोण हे कुठं ठाऊक? ते आपल्यालाच ठाऊक असतं.

आंच, वेळ आणि तांदूळ

फोटोत उजेड किती यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. मला त्या चुलीपाशीच समजल्या, म्हणून तशाच सांगते.

पहिली गोष्ट अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं भोक. ही गॅसची आंच. भोक मोठं तर उजेड जास्त. मात्र आकडे उलटे असतात आणि तिथंच सगळ्याजणी घोटाळतात. एफ/४ चं भोक मोठं, एफ/१६ चं लहान. ह्यात अवघड काही नाही. एका भाकरीचे चार वाटे केले तर वाटा मोठा येतो, सोळा केले तर लहान. इथंही तसंच आहे. लेन्सच्या मिलिमीटरला त्या आकड्यानं भागलं की भोकाची रुंदी येते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर ठेवली तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ/८ वर ठेवली तर जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचं.

भोकाचा आणखी एक गुण आहे. मोठं भोक ठेवलं की ज्याच्यावर नेम धरला तेवढं स्पष्ट येतं आणि मागचं पुढचं पुसट होतं. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे असले तर हे फार सोयीचं! पण हळदीकुंकवाला आलेल्या दहाजणी दोन रांगांत उभ्या केल्या, तर मागच्या रांगेचे चेहरे पुसट होऊन रुसवे व्हायचे. अशा वेळी एफ/८ करावं.

दुसरी गोष्ट शटर, म्हणजे ते भोक किती वेळ उघडं राहणार. ही शिजवण्याची वेळ. १/६०, १/१२५, १/५०० हे सगळे सेकंदाचे भाग. वेळ जितकी थोडी, तितकं हलतं माणूस जागच्या जागी थांबलेलं येतं. निवांत बसलेल्या आजोबांना १/१२५ पुरे, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या नातीला १/५०० हवं. आपला हातही हलतोच. म्हणून एक सोपा नियम आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरवर असेल, निदान तितका तरी आकडा शटरच्या भागाखाली असावा. ५० ला १/५०, आणि घरगुती कॅमेऱ्यांचा आतला पडदा बहुधा लहान असतो, तेव्हा १/८० किंवा १/१०० ठेवलं तर निर्धास्त.

तिसरी गोष्ट आयएसओ. पूर्वी रोळ घेताना १०० चा की ४०० चा असं दुकानदार विचारायचा, तोच हा आकडा. हा तांदळाचा गुण समजा. नवा तांदूळ लवकर शिजतो, पण भात गिचका होतो. आयएसओ वाढवला की थोड्या उजेडातही फोटो येतो, पण त्यात रवाळ ठिपके पडतात. म्हणून बाहेर उन्हात १०० किंवा २०० ठेवावा आणि घरात गरजेपुरताच वाढवावा. तरीही एक सांगते, रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही. आयएसओ वाढवायला भिऊ नका.

आता ह्या तिघांचा हिशेब. मोठ्या आंचेवर थोडा वेळ काय आणि बारीक आंचेवर जास्त वेळ काय, भात शिजतोच. भोकाचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जातात आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. शटर १/६० चं १/१२५ केलं की उजेड निम्मा. आयएसओ ४०० चा ८०० केला की दुप्पट. म्हणजे एफ/४ आणि १/१२५ ला जेवढा उजेड, तेवढाच एफ/५.६ आणि १/६० ला. एकीकडे एक पायरी घेतली की दुसरीकडे एक पायरी द्यायची. भाजीवाल्याशी रोज हिशेब करतो, त्यापेक्षा हा नक्कीच सोपा!

चार आठवड्यांत शिका

एकदम 'एम' वर उडी मारू नका. मी मारली आणि तीन दिवस नुसते काळे नाही तर पांढरे फोटो निघाले. 'ह्यांनी' विचारलंसुद्धा, की हा कॅमेरा आहे की शाईची दौत? तेव्हा पायरीपायरीनं जा.

पहिला आठवडा: चकती 'ए' वर ठेवा, काही कॅमेऱ्यांवर ती 'एव्ही' असते. इथं भोक आपण ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघतो. एक पितळी तांब्या खिडकीजवळ ठेवा, मागे थोड्या अंतरावर एखादं चित्र किंवा कॅलेंडर. एफ/५.६, ८, ११ आणि १६ असे चार फोटो काढा. मागचं कॅलेंडर कसं स्पष्ट होत जातं ते पाहा.

दुसरा आठवडा: चकती 'एस' किंवा 'टीव्ही' वर. आता शटर आपलं. नळाची धार १/३० ला आणि १/१००० ला काढून बघा. एकात दुधासारखी रेघ दिसेल, दुसऱ्यात वेगवेगळे थेंब.

तिसरा आठवडा: चकती 'एम' वर. ह्याआधी मेनूत जाऊन आयएसओचं 'ऑटो' बंद करा, नाहीतर तुम्ही एक करता आणि कॅमेरा मागून दुसरंच करून ठेवतो. मग डोळा लावल्यावर खाली एक छोटी पट्टी दिसेल, मधे शून्य, एका बाजूला उणे, दुसऱ्या बाजूला अधिक. खूण शून्यावर आली म्हणजे कॅमेऱ्याच्या मते उजेड बरोबर. पांढरे कपडे असतील तर खूण अधिकाकडे एक घर सरकवा, काळे असतील तर उण्याकडे एक घर. लोणच्यात मीठ थोडं चढं आणि आमटीत बेताचं घालतो ना, तसं हे.

चौथा आठवडा: खिडकीशी बसलेलं माणूस. माझं अडलं होतं ते इथंच, म्हणून सावकाश सांगते. आधी माणसाच्या अगदी जवळ जा, इतकं की चौकटीत फक्त चेहरा मावेल आणि खिडकी दिसणार नाही. तिथं खूण शून्यावर आणा आणि आकडे तसेच राहू द्या. मग मागे जाऊन हवी ती चौकट धरा. आता खूण अधिकाकडे पळेल, कॅमेरा कुरकुर करील. खुशाल करू दे. दुरून खिडकीसकट कॅमेरा १/५०० म्हणत असेल तिथं चेहऱ्याला १/६० लागतं, म्हणजे तीन पायऱ्यांचा फरक, आठपट उजेड! सासूबाई काळ्या आल्या त्या ह्याच तीन पायऱ्यांमुळे. अंगण थोडं पांढरं पडेल. पडू द्या, तुळस उद्याही तिथंच असणार आहे.

रोळाच्या काळात छत्तीस फोटोंत हे सगळं शिकायचं म्हणजे खर्चाचं काम होतं, शिवाय प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहून ठेवावे लागत. आता तो खर्चही नाही आणि आकडेही प्रत्येक फोटोबरोबर कॅमेराच जपून ठेवतो. बिघडलेला फोटो लगेच पुसून टाकू नका. त्याचे आकडे बघा, कुठं चुकलं ते कळतं.

वहीत उतरवून ठेवा

हे आकडे म्हणजे पाककृतीतलं 'चवीनुसार' आहे. इथून सुरुवात करा आणि मागचा पडदा पाहून पुढेमागे करा.

भर दुपारचं ऊन: एफ/८, १/५००, आयएसओ १००. पण माणसाचा फोटो शक्यतो दुपारी काढू नये, डोळ्यांखाली काळ्या खळग्या पडतात. ओसरीच्या सावलीत बोलवा.

ओसरी, व्हरांडा: एफ/५.६, १/१२५, आयएसओ २००.

सकाळी अंगणात खेळणारी मुलं: एफ/५.६, १/५००, आयएसओ २००.

घरात ट्यूबलाइटखाली: झूम मागे घेऊन एफ/४, १/१००, आयएसओ ३२००. इथं शटर १/१०० किंवा १/५० च ठेवा. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटर ह्यापेक्षा जलद केलं तर एक फोटो पिवळा, दुसरा काळपट, नाहीतर मधेच आडवे पट्टे.

दिवाळीच्या पणत्या, आरती: एफ/४, १/३०, आयएसओ ३२००, आणि कोपर भिंतीला टेकवून श्वास रोखायचा. फ्लॅश बंद! फ्लॅश उडाला की पणतीचा उजेड मेलाच.

आणखी थोडं

चकतीवरचं 'एम' आणि लेन्सवरचं 'एमएफ' हे वेगळे. लेन्सवरचं बटण 'एएफ' वरच असू द्या, नेम कॅमेऱ्याला धरू द्या. फक्त तो डोळ्यांवर धरला आहे ना, एवढं पाहा.

कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची लेन्स येते, तिचा झूम पुढे ओढला की भोक आपोआप लहान होतं आणि बहुतेकींत ५.६ च्या खाली येत नाही. लेन्स बिघडली नाही, ती तशीच असते. पुढे कधी हौस वाटली तर ५० मिलिमीटरची एफ/१.८ ची साधी लेन्स घ्या, अंधाऱ्या घरात तिचा फार उपयोग होतो. आधी मात्र घरातलं वापरून पाहा.

चेहरा पिवळा येत असेल तर 'व्हाइट बॅलन्स' मध्ये बल्बचं चित्र निवडा. आणि खिडकीशी फोटो काढताना घरातला दिवा बंदच करा. दोन तऱ्हांचे उजेड मिसळले की अर्धा गाल पिवळा, अर्धा निळा होतो.

ज्यांच्याकडे नुसता फोन आहे त्यांनी निराश होऊ नये. पुष्कळ फोनमध्ये 'प्रो' नावाची सोय असते. भोक बहुधा बदलता येत नाही, पण शटर आणि आयएसओ आपल्या हातात येतात.

लेन्सची काच पदरानं पुसायची नाही! सवयीनं हात जातो, पण धुळीच्या एका कणानं काचेवर कायमचा ओरखडा पडतो. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवावी, मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं हलकेच पुसावी. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, काचेला आतून बुरशी धरते. चामड्याच्या पिशवीत कोंडून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे अधूनमधून वापरा. कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लवकर लागते.

"हे सगळं आमच्या वयाला जमणार का?" असं वाटलं, तर होमाई व्यारावालांना आठवा. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. साडी नेसून, भलेमोठे कॅमेरे खांद्यावर टाकून, पुरुषांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी गांधीजी-नेहरूंचा काळ टिपला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या त्या कॅमेऱ्यांना 'ऑटो' नव्हतंच. भोक, शटर, नेम, सगळं हातानं. आपल्याला तर आजी आणि नातवंडंच टिपायची आहेत!

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. आई ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी खिडकीशी बसून मेथी निवडत होती. मी ट्यूब बंद केली, जवळ जाऊन चेहऱ्याचा उजेड घेतला, एफ/५.६, १/१००, आयएसओ १६००, आणि मागे सरकून फोटो काढला. डोळे, सुरकुत्या, बोटांना लागलेली माती, सगळं आलं. आईनं पडदा डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "हात कसले गं झालेत माझे!" मग म्हणाली, "आणि ह्यात तू कुठायस?"

खरंच की! घरातले फोटो जी काढते ती कधीच त्यात नसते. तेव्हा मला मॅन्युअलची खरी सोय कळली. आकडे एकदा बसवले, की कॅमेरा कुणाच्याही हातात दिला तरी ते हलत नाहीत. मी आईशेजारी जाऊन बसले, भाचीला बोलावलं आणि म्हटलं, "काही बदलू नकोस. आजीच्या डोळ्यांवर नेम धर आणि बटण दाब." तिसऱ्या खेपेला तो फोटो नीट आला. त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक माहेरी ठेवली, एक इथं आणली.

तुमच्या घरात कुणी खिडकीशी वाती वळत असेल, तांदूळ निवडत असेल, तर मैत्रिणींनो, 'कधीतरी' म्हणू नका. कॅमेरा आजच बाहेर काढा, बॅटरी भरायला लावा आणि उद्या सकाळी तांब्यापासून सुरुवात करा.